कृष्णामाईच्या सासरची ओटी

इस्लामपूर,
रविवार, दुपारचा चहा अजून व्हायचा आहे

तीर्थरूप मनुआक्का,

तुझ्या आप्पासोचा साष्टांग नमस्कार, गुडघे परवानगी देतील तेवढाच. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि पट्टी अजून आठ दिवस राहणार, हे कळलं. आडवी पडून राहा, मान खाली घालून भाजी निवडू नकोस. पत्र नात वाचून दाखवेल म्हणून अक्षर मोठं काढलंय. फोन केला असता, पण तुला फोनवर नीट ऐकू येत नाही. (आणि मला फोनवर खोटं बोलता येत नाही. सोनम बाळा, तू शहाणी आहेस. असं कंसात लिहिलेलं असेल ते आजीला वाचून दाखवायचं नाही. मनातल्या मनात वाचायचं आणि चेहरा सरळ ठेवायचा.)

तुझा जीव टांगणीला असेल म्हणून पहिल्यांदा तेच लिहितो. तुझी ओटी पोचली. (नाही पोचली. सांगतो.)

निघायच्या आदल्या दिवशी मला माधवनगरला यायला जमलं नाही म्हणून ऋषिराजला धाडलं, तर त्यानं तुझी पिशवी आणली आणि तुझा निरोप तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला. नक्कल करण्यात माझा नातू पटाईत आहे. "आपली माई म्हाबळेश्वरास्नं निघती, आपल्या दारावरनं जाती आन् पार तिकडं पूर्वेच्या समुद्रात नांदती. तिच्या सासरी माहेरचं कोण कवा गेलंय व्हय? आप्पा चाललाय तर वटी घालून ये म्हणावं." पिशवीत हिरवा खण, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि तुझ्या परसातल्या झाडाचा नारळ. नारळाला तू शेंडी राखून हळदीकुंकू लावलं होतंस. आक्का, ज्या बेटावर माणसांपेक्षा नारळाची झाडं जास्त, तिथं माधवनगरचा नारळ घेऊन जाणारा मी पहिलाच असेन. पण ओटी ती ओटी.

आम्ही तिघं. मी, बाळासो आणि फौजेतून सुभेदार होऊन आलेला दादासो. सातवीत एका बाकावर बसलो ते अजून उठलेलो नाही. चार दिवसांची सहल, अंदमानातलं एक लहानसं बेट. पुण्याच्या विमानतळावरच तपासणीवालीनं माझी पिशवी अडवली आणि यंत्रात नारळाकडं बोट दाखवून विचारलं, हे काय आहे. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात दादासोनं फौजी हिंदीत सांगून टाकलं, "मॅडम, ये हमारे नदी के ससुराल का सामान है." त्या बिचारीनं वरच्या साहेबाला बोलावलं. शेवटी नारळ मोठ्या बॅगेत घालायला लावला आणि आम्हाला सोडलं.

बेट सुंदर आहे. पाणी असं, की सातवीच्या पुस्तकातली ती समुद्राची कविता ज्यानं लिहिली त्याला इथं आणून उभं करावं. मी पन्नास-साठ वर्षं ठरवून ठेवलं होतं की एकदा तरी समुद्रापुढं उभं राहून ती सबंध म्हणायची. पण निवांत म्हणून कसा तो मिळाला नाही. कारखान्याची तोडणीची टोळी नेमकी आम्ही बेटावर असताना बाळासोच्या उसात उतरली. मोबाईलची रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला. मग बाळासो दिवसभर तिथं उभा राहून समुद्रावर ओरडतोय, "उसाचं वाढं त्या आकारामाच्या म्हशीला दिऊ नगा रं!" गोऱ्या पाहुण्यांना वाटलं, ही आमची प्रार्थना आहे. एक जोडपं त्याच्या मागं हात जोडून उभंही राहिलं. मी कविता सुरू केली की त्याचा फोन वाजायचा. तिसऱ्या दिवशी वाजला नाही, तर मला तिसरं कडवं आठवेना. सरळ चौथ्यावर जावं, तर गुरुजींची छडी आठवायची. मी वाळूत येरझाऱ्या घालत राहिलो. दादासो म्हणाला, "गड्या, तुझ्यापरीस आमचा पहाऱ्यावरचा संत्री निवांत हुता."

(सोनम, आता नीट वाच. हॉटेलात रोज मासा आणि नारळाचं दूध. दुसऱ्याच दिवशी बाळासोला लसणाची चटणी खावीशी वाटली. लसूण, तिखट त्यानं घरून आणलेलंच होतं. नारळ हवा होता. डोक्यावर शंभर नारळ लोंबत असताना त्यानं माझी बॅग उघडली आणि आजीचा नारळ पायरीवर आपटून फोडला. का, तर झाडावरचा काढायला माणूस बघावा लागतो आणि हा सोललेला तयार मिळाला. मी अंघोळीहून आलो तेव्हा चटणी वाटून झाली होती. भांडलो. मग खाल्ली. चांगली झाली होती, हेच जास्त लागलं.)

तर ओटी. पहाटे भरतीच्या वेळी मी कमरेएवढ्या पाण्यात गेलो, तुझं नाव घेतलं आणि ओटी सोडली. (तिथल्याच दुकानातला नारळ. खणात बांधून सोडला. लाटेनं गाठ सोडली, खण घेतला, नारळ माझ्या पायाशी आणून ठेवला. पुन्हा टाकला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा दादासोनं हातगोळा फेकावा तसा फेकला. आम्ही चहा पिऊन येतो तर नारळ वाळूत आमची वाट बघत बसलेला. दादासो म्हणाला, "माहेरचा न्हाई म्हणून वळखला बग तिनं." तो हसत होता. मला हसू आलं नाही.) कृष्णामाईनं ओटी घेतली. तू निर्धास्त राहा.

परत येऊन बारा दिवस झाले, पण चित्त काही ठिकाणावर येत नाही. हे पत्र लिहिताना तीनदा उठून मोटर बंद आहे का बघून आलो. बंदच होती. तुझी भावजय मंगल म्हणते, समुद्राचं वारं लागलं. असेल.

बाकी क्षेम. पट्टी सुटेपर्यंत चुलीपाशी जाऊ नकोस.

तुझा धाकटा,
आप्पासो

ता. क. : त्या कवितेचं तिसरं कडवं कळव. मी पाठ करताना तू गोठ्यात शेणी थापायचीस आणि मी अडलो की पुढचं म्हणायचीस. बक्षिसाचा पेन मला मिळाला. तुझी शाळा चौथीत सुटली होती, तरी कविता तुलाच येत होती.

ता. क. दुसरा : किंवा कळवू नकोस. कृष्णा आंध्रात जिथं समुद्राला मिळते तिथवर विमान लागत नाही. मिरजेला रेल्वेत बसायचं, मधे गाडी बदलायची. पट्टी सुटली, डॉक्टर हो म्हणाले, की ऋषिराज तिकिटं काढतो. दोनच. बाळासोला सांगितलेलंही नाही. परसातला एक नारळ उतरवून ठेव. तो मात्र तुझ्या मांडीवर राहील, माझ्या बॅगेत नको.

ता. क. तिसरा : सोनम बाळा, पुन्हा पहिल्यापासून वाच. आता कंसातलंही सगळं, मोठ्यानं, आजीला ऐकू जाईल असं. चटणीचंसुद्धा. आणि तिला सांग, इस्लामपूरहून माधवनगर तासाभराच्या वाटेवर आहे, तरी तुझा माहेरचा भाऊ दोन वर्षं आला नाही. बुधवारी येतोय. तिनं दारातनं परत लावला, तरी त्या नारळासारखा पुन्हा येईन म्हणावं.