लोक म्हंजे कोण?

नांदेड, जानेवारी १९९५

प्यारी मलिका आपा,
तुझ्या हनीफचा सलाम. मी ठणठणीत आहे. क्लासची पोरं चहाला गर्दी करून राहिलीत, हॉटेल जोरात चाललंय. माझी काळजी नको.

तू विचारलंस, मत कुणाला देऊ? भूकंपात देविदास मास्तरांनी हातांनी दगड उपसून भाईजानना बाहेर काढलं, तुझा संसार वाचवला, ते मी विसरलेलो नाही. आता मास्तर उभे राहिलेत, पण त्यांचा पक्ष लहान. आणि मोठ्या पक्षाचा माणूस तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन, "गाव आमच्यामागं नसलं तर घरांचं काम रखडेल," म्हणून गेला, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. माझ्या भाचीचा, जेबाचा खोकला थांबला का?

पोरांना सोडायला आपल्या औशाकडचे पालक इथं येतात. माझे कान तुला ठाऊकच. जो तो म्हणतो, "मास्तर लाख माणूस, पण लोक मत देणार न्हाईत. वाया जाईल." काल मी म्हणालो, "चाचा, लोक म्हंजे कोण? तुमीच की!" सगळे हसले. मग चाचा म्हणाले, "हाव हनीफभाई, पण तुमी कुणाला देणार?" मी किटली उचलून आत सटकलो.

माझं नाव अजून गावच्याच यादीत आहे, म्हणून मतदानाला येतो. तुझं मत कुणाला, ते मला सांगू नकोस आपा. नाहीतर मीही तुझ्याकडं बघूनच शिक्का मारीन.

भाईजानना सलाम, जेबाला दुआ.

तुझा धाकटा,
हनीफ