खालच्या कोपऱ्यातलं काळं

८ जानेवारी, बुधवार
बसली! टीव्ही चॅनेलमधली जुनी झूम लेन्स माझ्या छोट्या कॅमेऱ्यावर अखेर बसली. दोघांना जोडणारी मधली रिंग कोलशेतला लेथवर करून घेतलेली. बटण दाबलं आणि समोरच्या गच्चीवरची टाकी सरळ अंगावर आली — फोकस जराही हलला नाही. नोकरी गेल्यापासून मोटरचा तो घूं आवाज ऐकलाच नव्हता.

चारही कोपरे मात्र काळे. ते येणारच — लेन्स छोट्या सेन्सरसाठी केलेली, माझा सेन्सर मोठा. चित्र कडेपर्यंत पोचत नाही. लेन्समधला डबलर लावला की चित्र पसरतं. लावला. तीन कोपरे भरले. डावा खालचा तसाच काळा. रिंग वाकडी असणार.

१० जानेवारी
रिंग काढली, घासली, परत बसवली. कोपरा तसाच. उलट जास्तच वाटतोय.

रविवारी ठाण्यात उत्तराताईंचा कार्यक्रम. कथक मी त्यांच्याकडेच शिकले. सत्तरीच्या झाल्या, गुडघे गेले, आता परत स्टेजवर येणार नाहीत. शेवटच्या रांगेतून त्यांचा चेहरा पकडायचा, तर ही लेन्स हवीच.

११ जानेवारी
सकाळचं शूट लॅपटॉपवर लावलं. चारही कोपरे स्वच्छ!

म्हटलं, मग व्ह्यूफाइंडर बिघडला. डावा डोळा लावून बघितलं — स्वच्छ. उजवा लावला — काळं. कॅमेरा बाजूला ठेवला, भिंतीकडे बघितलं.

काळं भिंतीवर होतं.

सलिल म्हणाला, "काय गं, काय बघतेस?"
"काही नाही. पाल होती."

लेन्स चांगली आहे. रिंग चांगली आहे. डोळ्यात आहे ते. नेटवर शोधलं, शोधायला नको होतं.  माझा नंबर उणे नऊ; एवढ्या नंबरवाल्यांचा डोळ्याचा पडदा सुटू शकतो म्हणे. काल दिवसभर कडेला काजवे चमकत होते, मी ट्यूबलाइटला नावं ठेवत होते.

सलिलला सांगितलं तर नवरेपणा गाजवेल, उद्या जाऊच देणार नाही. एक दिवस. एका दिवसाने काय होतंय? — खूप होतं, असं लिहिलंय सगळीकडे.

१२ जानेवारी, रविवार
शूट केलं. डाव्या डोळ्याने. सवय नाही, मान अवघडली. उजवा मिटून घेतला तरी आत काहीतरी हलत असल्यासारखं वाटत होतं. शेवटी ताई बसून अभिनय करायला लागल्या, तेव्हा हळूहळू झूम केलं, त्यांच्या डोळ्यांपर्यंत. फोकस गेला नाही. त्या क्षणापुरती मी भीती विसरले. तेवढंच.

मेकअपरूममध्ये ताईंनी हात धरला. "हेमांगी, नीट आलंय ना गं?"
"छान आलंय, ताई." उजव्या डोळ्याने बघितलं तर त्यांची हनुवटी दिसेना.

बाहेर येताना पायरी चुकले. सलिल न्यायला आलेला, त्यानेच सावरलं. रिक्षात सांगून टाकलं.
"वेडी आहेस का तू? आणि मला आत्ता सांगतेस?" मग डोंबिवली येईपर्यंत हात मात्र सोडला नाही.

१३ जानेवारी
ठाण्याच्या डॉक्टरीणबाई. तरुण आहेत, फार बोलत नाहीत. औषध घालून बराच वेळ आत बघत राहिल्या. 

"पडदा सुटलाय. मधला भाग अजून चिकटलेला आहे. कधीपर्यंत, ते सांगता येत नाही. ऑपरेशन उद्याच करू."
"दिसेल ना?"
"आहे ते टिकावं म्हणून करतोय."

'हो' म्हणाल्या नाहीत, 'नाही'ही म्हणाल्या नाहीत. लेकीला, योगिनीला, सांगितलं, "डोळ्याचं छोटंसं काम आहे." नववीतली मुलगी, तिला काय कळत नाही? चष्मा पुसत उभी राहिली. 

१४ जानेवारी, संक्रांत
सलिलने तिळगूळ दिला.  

जाते.

२६ जानेवारी
पालथी पडून लिहितेय, ओळी वाकड्या येतात. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरलाय, त्याने पडदा दाबून धरायचा, म्हणून मान खाली. पाण्यात डोळे उघडल्यासारखं सगळं. मधेच वाटतं, काळं परत आलं.  सलिलला हाक मारते, तो डोळ्यासमोर बोटं धरतो. "किती?" दोन. "आता?" चार. मग थोडा वेळ बरं.

काल डॉक्टर म्हणाल्या, मधला भाग वाचला. सलिल तिथेच खुर्चीत बसून रडला.

मी उठायला लागले तर म्हणाल्या, "घरात अजून कोणाला मोठा नंबर आहे?"
"मुलीला. उणे सहा."
"तिला घेऊन या. लांबवू नका."

३ फेब्रुवारी
योगिनीला तपासलं. तिच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला भोक. तिथल्या तिथे लेझर केलं, वेळेत झालं.

परत येताना हळूच म्हणाली, "आई, मला गणपतीपासून कडेला चमकतंय. मला वाटलं, सगळ्यांनाच चमकतं."