उत्तरेकडची खिडकी

१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. वहिनी आणि मुलं मजेत ना? तू लिहिलेला आपल्या चर्चचा इतिहास मिळाला. फादर खूश आहेत. शिंपीकाका तर तुझी पहिली विजार त्यांनीच शिवल्याचं गावभर सांगत सुटलेत.

छापायला जाण्याआधी आईला वाचून दाखव म्हणालास, म्हणून दाखवला. घंटा, वादळात उडालेलं छप्पर, सगळ्याला ती मान डोलवत होती. मग ते वाक्य आलं, 'उत्तरेच्या भिंतीत पूर्वी एक मोठी खिडकी होती, ती आता बुजवली आहे.' आईने मला थांबवलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी खिडकीतून उड्या मारून आत जात होते होय गं?"

दोघी पोट धरून हसलो. मग तिने कागद मिटून ठेवायला सांगितलं.

दादा, ते दार होतं. चुनाभट्टीवरच्या लोकांचं, म्हणजे आपलं. आपल्या पायांनी फरशी पांढरी होते म्हणून पुढच्या दाराने यायची बंदी. बाप्तिस्म्याला तुलाही तिथूनच आत नेलं होतं. आणि भिंतींना चुना आजोबांच्या भट्टीतला! 'उत्तम प्रतीचा स्थानिक चुना', असं लिहिलंयस. चुन्याला शाबासकी आणि माणसं गायब? वाचताना माझं डोकंच फिरलं.

फादरांना विचारलं. म्हणाले, "जुनं कशाला उकरायचं, बाई? पण लेखकच म्हणत असेल तर बदलू." म्हणजे सगळं तुझ्यावर आलं.

आणि वर 'सगळे ठीक' लिहिलं ते सवयीने. आई ठीक नाही. आठवडाभर पाण्याशिवाय काही घशाखाली उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातलीय. "त्याचं पुस्तक होऊ दे आधी," म्हणते. शपथ मोडली. मला तिचीही भीती वाटते आणि तिच्यामागे उरणाऱ्या घराचीही.

वाक्य बदल, असं ती एकदाही म्हणालेली नाही. काल मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा एवढंच म्हणाली, "त्याला माझी लाज वाटते का गं?"

"छे, काहीतरीच काय!" मी म्हटलं.

"तू नको सांगूस," ती म्हणाली.

म्हणून लिहितेय. पुस्तक थांबव, मिळेल त्या गाडीने ये, आणि तूच सांग.

तिच्या उशाशी बसलेली,
धाकटी