खिळ्यावरचा सतरा नंबर

४ मार्च
लागले एकदाची नोकरीला! या प्राणिसंग्रहालयात सगळे प्राणी आफ्रिकेतले. फाटकातून आत शिरले नाही तोच जिराफाने मान खाली घालून माझी वेणी चाटली. काळी, हातभर जीभ! झेब्रे मात्र भारी भाव खातात. मला तरसांच्या घरावर नेमलंय. ठिपकेवाले चार तरस, त्यांतली एक मादी पुढारीण, तिला सगळे मोठीबाई म्हणतात. तरसांत बायकांचं राज्य असतं, नर सगळ्यांत शेवटी जेवतो. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, त्यात नवीन काय?

मुकादमांना इथे काका म्हणतात. त्यांनी स्वतःचा जुना खाकी कोट मला दिला. ही वही त्याच्या खिशात छान बसते. आधीचा रखवालदार माझा सख्खा धाकटा भाऊ होता, हे इथे कुणाला ठाऊक नाही. सासरचं आडनाव कामी आलं.

५ मार्च
कामाची रीत अशी. तरसांना अंगणात काढायचं, मधलं लोखंडी दार पाडायचं आणि मग आतली खोली धुवायची. आत शिरण्यापूर्वी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा. खिळ्यावर बिल्ला म्हणजे आत माणूस. तोवर मधलं दार उचलायच्या दांड्याला कुणी हात लावायचा नाही. काकांनी हे तीनदा घोकून घेतलं. म्हणाले, तुझ्याआधीचा बिल्ला अडकवायला विसरला आणि तरसांच्या तोंडी हकनाक गेला.

माझा भाऊ आणि विसरणार? घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून बघायचा तो. आम्ही त्याची टर उडवायचो. आईने मात्र वर्षभर हेच ऐकून घेतलंय, की तुमचा मुलगाच वेंधळा.

९ मार्च
कोटाच्या दुसऱ्या खिशाला भोक, त्यातून अस्तरात घसरलेलं काहीतरी टोचत होतं. उसवून पाहिलं. पितळी बिल्ला, नंबर सतरा. भावाचा.

म्हणजे त्याने अडकवला होता. काकांनी न बघता दांडा ओढला, नंतर बिल्ला काढून लपवला आणि खापर मेलेल्याच्या माथ्यावर फोडलं. रडू आलं नाही. अंगाची लाही लाही झाली. सोडणार नाही या माणसाला.

१० मार्च
सतरा नंबर खिळ्याला अडकवला, मुद्दाम, काकांना दिसावा म्हणून. ते पांढरेफटक पडले. बिल्ला काढून घेऊन गेले.

११ मार्च
सकाळी सतरा पुन्हा खिळ्यावर. मी नाही अडकवला. काका तर हात लावायलाही तयार नाहीत. चारही तरस अंगणात दाराकडे तोंड करून बसलेत, रिकाम्या खोलीकडे बघत.

१२ मार्च
मोठीबाई हसली. त्या हसण्यात भावाचा आवाज स्पष्ट ऐकला – ताई. रिकाम्या खोलीतूनही तीच हाक आली.

१४ मार्च
दोघे रखवालदार रजेवर, उद्या तपासणी. काका स्वतः खोली धुवायला गेले, मला दांड्यापाशी उभं केलं. खिळ्यावर दोन बिल्ले होते. मी काकांचा काढून खिशात घातला आणि दांडा ओढला.

चौकशीत त्यांचंच वाक्य त्यांना लावलं – विसरले असतील. थंडगार वाटलं काळजाला. आईला सांगायला हवं.

१५ मार्च
जेवताना लक्षात आलं. घास तसाच राहिला.
सतरा खिळ्यावर होता. खिळ्यावर बिल्ला म्हणजे आत माणूस. आणि मी दांडा –
पुन्हा. माझ्याच भावावर. मी.

१६ मार्च
खोली धुवायला आत आले. बिल्ला अडकवला, नीट बघून. मागचं दार आपोआप लागलं. बाहेर कुणी नाही –
कुलूप ओढल्याचा आवाज. पुन्हा एकदा. दोनदा.
बाळा, मी आहे, तुझी ताई. तुझ्यासाठीच केलं रे –
जाळीतून खिळा दिसतोय. सतरा नाही. फक्त माझा –
हलतोय. कुणी बोटांनी उचलावा तसा –
खिळा रिकामा. दांडा खाली येतोय, मधलं दार वर –