मार्तंड, कूलर आणि कॉम्प्युटर

४ फेब्रुवारी १९८५, सकाळ

आजपासून डायरी. सूड घ्यायचा तर पद्धतशीर घ्यावा. घाईत घेतलेला सूड वाया जातो. मागच्या वर्षी मार्तंडच्या सायकलची हवा सोडली, ती सायकल नानाजींची निघाली. नानाजी आमचे हेड कॅशियर आणि कर्मचारी संघटनेचे अध्यक्ष. वर त्यांची सायकल पंक्चरवाल्यापर्यंत मलाच ढकलत न्यावी लागली.

शत्रू : मार्तंड ढोबळे. बँकेच्या आमच्या इतवारी शाखेत शेजारच्या टेबलावरचा क्लार्क. मूळचा सावनेरचा. मला ज्युनिअर.

गुन्हा : मागच्या मे महिन्यात मॅनेजरसाहेबांनी कूलरसमोरची खुर्ची त्याला दिली. सीनिऑरिटीने ती माझी होती. का दिली, तर म्हणे उन्हाळ्यात मार्तंडचा घोळणा फुटतो. माझा फुटत नाही हा माझा अपराध! आठवडाभर मीही भर दुपारी बिनटोपीचा फिरून पाहिलं. नाकातून थेंब आला नाही, ताप मात्र आला. पूर्ण मे महिना माझ्या घामाने लेजरची पानं चिकटत होती आणि तो खसच्या वासात बसून शीळ घालत होता.

संध्याकाळ

मोठी बातमी. शाखेत कॉम्प्युटर येणार! त्याच्यासाठी काचेची केबिन आणि केबिनीत एअरकंडिशनर. यंत्रावर बसायला शाखेतलाच माणूस घेणार. जो प्रोग्रॅमिंग शिकून घेईल, त्याला प्राधान्य.

एअरकंडिशनरपुढे कूलरची काय बिशाद! डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. आत मी, स्वेटर घालून. बाहेर मार्तंड, काचेला नाक लावून. त्यातून रक्त येत असेल तर उत्तमच.

५ फेब्रुवारी

बारीकशी अडचण. मी संघटनेचा सेक्रेटरी आहे आणि संघटना कॉम्प्युटरच्या विरोधात आहे. 'हा डबा आपल्या लेकरांच्या तोंडचा घास काढणार' हे गेट मीटिंगमधलं भाषण माझंच. टाळ्याही खूप पडल्या होत्या.

चहा पिता पिता तोडगा सापडला. विरोध आणखी कडक करायचा. म्हणजे दुसरा कोणी यंत्र शिकायची हिंमत करणार नाही. मैदान साफ. मी गुपचूप शिकायचं आणि शेवटी 'संघटनेच्या वतीने यंत्रावर नजर ठेवायला' स्वतःच आत जाऊन बसायचं. त्यागही होईल, गारवाही मिळेल. इतकं डोकं बँकेत दुसऱ्या कोणाला नाही.

११ फेब्रुवारी

सीताबर्डीवर कापडाच्या दुकानाच्या माडीवर क्लास लावला. तोंडाला दुपट्टा बांधून जातो. नागपुरात त्याचं कोणाला नवल वाटत नाही, फक्त फेब्रुवारीत जरा वाटतं.

यंत्र एकच. आतल्या खोलीत, पडद्याआड. चपला बाहेर काढाव्या लागतात. त्याच्या शिरावर कुंकू आहे. सुरुवातीचे काही आठवडे आम्ही कागदावरच प्रोग्रॅम लिहायचे, मग दर्शन. शिकवणाऱ्या चांदेकर मॅडम. वय माझ्या भाचीएवढं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या की कॉम्प्युटर स्वतः विचार करत नाही, सांगाल तेच आणि सांगाल तसंच करतो. आमच्या शाखेत आधीच असे बारा लोक आहेत, त्यात यंत्राची भर कशाला, असं वाटलं.

१८ फेब्रुवारी

मार्तंडने गावाहून हरभऱ्याचे टहाळ आणले, सगळ्यांना वाटले. माझ्या जुडीला घाटे कमी. मुद्दाम! नोंद केली आहे. घरी इंदूने मोजले, नानाजींच्या घरी जाऊन त्यांचेही मोजले, तर आमचेच जास्त निघाले, असं ती म्हणते. बायका भाबड्या असतात.

२ मार्च

आज दर्शन. आत काय गार होतं! पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. मॅडमनी खाकरून यंत्र दाखवलं.

पहिला प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने लिहिला. ओळ दहा : 'मार्तंड मूर्ख आहे' असं छाप. ओळ वीस : परत ओळ दहावर जा. बस, दोनच ओळी. बटण दाबलं आणि प्रिंटर सुरू झाला. मार्तंड मूर्ख आहे. मार्तंड मूर्ख आहे. मार्तंड मूर्ख आहे. बँकेतल्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं समाधान मिळालं नव्हतं.

पण ते थांबेना. परत दहावर जा म्हटलं होतं, कधी थांब ते सांगितलं नव्हतं. कागद टेबलावरून खाली, खालून माझ्या पायाशी. मी हात जोडले. शेवटी मॅडमनी येऊन कंट्रोल आणि सी अशी दोन बटणं एकदम दाबली. दोन बोटं, बस. गप्प!

मार्तंड कोण, असं त्यांनी विचारलं. उदाहरणादाखल घेतलेलं नाव आहे, असं सांगितलं. कागदाचे पैसे भरावे लागले. हेही मार्तंडच्या खाती.

९ मार्च

इंदूला क्लासचं कळलं. झोपेत मी 'परत दहावर जा' म्हणत होतो म्हणे. सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवून म्हणाली, "तुमी वर्षभरापासून त्याच्या नावानं जळून राहिले. त्या बिचाऱ्याले ठाऊक तरी हाये का, तुमचं भांडन चालू हाये म्हनून?"

विचार करायला लावणारा मुद्दा. नाही ठाऊक. म्हणजे किती निगरगट्ट माणूस!

२१ मार्च

संधी चालून आली. कँटीनमध्ये मार्तंड सगळ्यांसमोर म्हणाला, "मशीन आली तं व्याजाच्या दिवसात टायमावर घरी जेवाले तरी जाऊ आपन. काय वाईट हाये त्यात?"

गद्दारी! मी लगेच कार्यकारिणी बोलावली. तीस मिनिटं बोललो. शेवटी शेवटी माझा माझ्यावरच विश्वास बसायला लागला होता. मार्तंड ढोबळे यांची संघटनेतून हकालपट्टी. हात वर करून एकमताने. नानाजींचा हात जरा उशिरा वर गेला.

मार्तंडला सांगायला स्वतः गेलो, चेहरा बघायचा होता. तो म्हणाला, "बरं जी." मग म्हणाला, "घरीच चालले का? बसा मांगं, सोडून देतो." त्याने आता स्कूटर घेतली आहे. रस्त्यातले सगळे खड्डे त्याने मुद्दाम चुकवले, मला उपकाराखाली दाबण्यासाठी.

६ एप्रिल

आज वेगळंच झालं.

व्याजाचा प्रोग्रॅम लिहिला होता. मुद्दल, दर, महिने. चार वेळा चूक दाखवली. पाचव्यांदा बटण दाबलं आणि उत्तर आलं. हाताने करून पाहिलं, तेच. दुसरा आकडा दिला, तेही बरोबर. जे करताना मार्च-सप्टेंबरात आमच्या माना मोडतात, ते त्याने मी चष्मा पुसेपर्यंत केलं. आणि ते मी त्याला शिकवलं होतं!

मॅडम म्हणाल्या की तुमचा हात चांगला बसतोय, तुम्ही खरंच प्रोग्रॅमर व्हाल. जिना उतरताना गुडघे दुखले नाहीत. बर्डीवर उसाचा रस प्यालो, रसवाल्याला उगीच सांगितलं की मी प्रोग्रॅमर आहे. तो म्हणाला, बर्फ टाकू का?

घरी आल्यावर लक्षात आलं की संध्याकाळभर मार्तंडची आठवण झाली नाही. हे लक्षण बरं नाही. उद्यापासून रोज सकाळी पाच मिनिटं आठवण काढायची.

१९ एप्रिल

ऊन भडकलं. मार्तंडसमोर कूलर चालू. मी शपथपत्र तयार केलं : 'मी कॉम्प्युटरला हात लावणार नाही.' शाखेत सगळ्यांनी सह्या केल्या. सेक्रेटरी या नात्याने पहिली माझी. करावीच लागली, पण ती सही मी राजकीय धरतो, खासगी नाही.

मार्तंड सही करायला आला होता. हाकललं. तुम्ही सभासद नाही, तुमचा काय संबंध! काय पडलं तोंड त्याचं! आजचा दिवस सार्थकी लागला.

२८ एप्रिल, रविवार

सर्वसाधारण सभा. आज माझा हुकमी पत्ता टाकायचा होता.

बोलायला उभा राहिलो. म्हणालो, मित्रहो, यंत्र येणार हे नक्की. मग त्याच्यावर मॅनेजमेंटचा माणूस का बसावा? आपला बसावा. हे विष कोणी तरी प्यायलाच हवं. मला माझ्या शपथेतून मोकळं करा, त्या काचेच्या कोंडवाड्यात मी जाईन! इथे आवाज कापेल अशी आरशासमोर तालीम केली होती. तालमीपेक्षाही चांगला कापला.

नानाजी उठले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "मधुभाऊ, तुमी त्या डब्याजवळ जाऊन बसान, अन् आमी पाहत राहू? आमी मेलो का जी?"

मी म्हणालो, संघटनेसाठी मी काहीही सोसायला तयार आहे. ते म्हणाले, तेच तं आमी होऊ देनार नाही. मी आग्रह केला. लोक रडायला लागले. जितका आग्रह करावा तितके जास्त रडत. नानाजींनी जागच्या जागी ठराव मांडला की कुठल्याही सभासदाला यंत्रावर बसवता येणार नाही, आणि मधुसूदन गावंडे यांना तर कुठल्याही परिस्थितीत नाही. नावानिशी! टाळ्या थांबेनात. मला खांद्यावर उचललं. पंख्याचं पातं कानाजवळून गेलं. लागलं असतं तर बरं झालं असतं.

३ मे

मॅनेजमेंटने ठराव जसाच्या तसा मान्य केला. करारावर सही कोणाची? माझी.

सही करता करता मॅनेजरसाहेब हसून म्हणाले की संघटनेचा सभासद चालत नाही, तर सभासद नसलेलाच बसवावा लागेल. शाखेत असा कोण आहे?

मी कधी नाही ते मनात हिशेब केला. एकच आहे. मीच केलेला आहे.

४ मे

नानाजींना भेटलो. मार्तंडला संघटनेत परत घ्यायचा प्रस्ताव मांडला. माणसाने क्षमाशील असावं, मन मोठं असावं, असं बरंच बोललो. नानाजींनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तुमचं मन लय मोठं हाये मधुभाऊ. पन गद्दाराले माफी नाही, हे तुमीच शिकवलं ना आमाले."

क्लासला गेलो नाही. इंदूने विचारलं, "काहून गेले नाही?" म्हटलं, कशासाठी जाऊ? तिने ताक आणून दिलं. मी खरंच शिकलो होतो, हे फक्त तिला आणि चांदेकर मॅडमना माहीत आहे. आणि त्या रसवाल्याला.

१४ मे

केबिन झाली. मार्तंड आत. प्लायवूड, काच, एअरकंडिशनर. त्याला आठ दिवसांचं ट्रेनिंग दिलं म्हणतात. स्वेटर घालून बसतो. फिकट निळा, हातविणीचा.

एक गोष्ट मात्र माझ्या मनासारखी झाली. त्याची खुर्ची रिकामी झाली आणि सीनिऑरिटीने मला मिळाली. उद्या जाऊन बसणार. अखेर न्याय मिळतो, उशीर लागतो एवढंच.

१५ मे

बसलो. केबिन हॉलच्या आत असल्यामुळे एअरकंडिशनरची पाठ हॉलमध्येच काढली आहे. बरोबर माझ्या मानेवर. आतल्या मार्तंडची सगळी गरमी तिथून बाहेर येते. आणि कूलर? एअरकंडिशनर आल्यावर या खिडकीत कूलरची गरज नाही, म्हणून तो काढून नानाजींच्या कॅशच्या पिंजऱ्यापाशी लावला. मागणीचा अर्ज संघटनेकडून गेला होता. माझ्याच सहीने. वाचून पाहिला नव्हता.

२० मे

आज दुपारी मार्तंडचं यंत्र बिथरलं.

व्याजाची यादी काढायला गेला आणि प्रिंटर थांबेना. एकच ओळ पुन्हा पुन्हा. कागद टेबलावरून खाली, खालून त्याच्या पायाशी. मार्तंड इकडून तिकडे पळत होता, कागद आवरत होता, एकेक बटण दाबून बघत होता. प्लग काढावा तर सकाळपासूनचं काम जाईल. यंत्र दुरुस्त करणारा मुंबईचा माणूस परवा येणार. थंड हवेत त्याला घाम फुटला होता. मग नाकाला रुमाल लावला. रुमाल लाल झाला.

फेब्रुवारीत डोळ्यांसमोर जसं चित्र पाहिलं होतं तसंच होतं सगळं. फक्त काचेच्या बाजू बदलल्या होत्या. सगळी शाखा जमली. नानाजी कौतुकाने म्हणाले, "मधुभाऊनं आधीच सांगतलं होतं, ही मशीन धोक्याची हाये." कोणी तरी माझी पाठ थोपटली. मार्तंडने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मदत मागत नव्हता, नुसता बघत होता. त्याला काय माहीत मला येतं ते.

मला येतं. ओळ वीस चुकली असणार, आणखी काय. दार चार पावलांवर. दोन बटणं. एकदा वाटलं, जावं आणि दाबावं. उठलोही. नानाजींनी खांदा धरून खाली बसवलं. म्हणाले, "नाही मधुभाऊ. तुमाले आमी तिकडं जाऊ देनार नाही."

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते समोर चाललं होतं आणि मला बघवत नव्हतं. मानेवर गरम हवा येत होती. मी टेबलावरच दोन बोटं टेकवली आणि एकदम दाबली.

आत प्रिंटर चालूच होता.