एक खोकला म्हणजे वर

नेपियर टाउन, जबलपूर
शुक्रवार, २९ ऑगस्ट, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं

प्रिय मोठेबाबा,

जेवणाची सुट्टी आहे. मॅडम घरी गेल्या आहेत, फिजिओथेरपी क्लिनिकचं शटर अर्धं खाली आहे (दोनदा पाहून आलो), आणि मी गुडघ्यावर मारायची ती रबरी हातोडी स्पिरिटनं पुसत होतो. पुसता पुसता स्वतःच्याच गुडघ्याखाली टक् करून पाहिली. पाय उडाला. आणि तुमची इतकी आठवण आली की हातोडी ठेवली, रजिस्टरचं मागचं पान फाडलं आणि लिहायला बसलो. पान फाडल्याची नोंद केली आहे, काळजी करू नका.

पण खरं कारण वेगळं आहे. आज सकाळी सव्वाअकरा वाजता मी आपलं गुपित फोडलं. मॅडमना सगळं सांगून टाकलं. खोकल्याचं.

रागावलात? रागवा. पण आधी पूर्ण वाचा.

गेल्या वर्षी सुरुवात साबणापासून झाली, आठवतं? बेसिनपाशी तोंड धुताना तुम्ही पुढे आदळायचात. मोठी आई म्हणाली, साबण बुळबुळीत आहे. साबण बदलला. मग पायपुसणं बदललं. मग तुम्ही प्लंबरला बोलावून बेसिनच दोन इंच वर घ्यायला लावलं! जन्मभर फॅक्टरीत फिटर होतात. चूक मशीनमध्ये नसली तर ती बसवणाऱ्यात असते, असं तुमचं ठाम मत. ती तुमच्यातच असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार? शेवटी मीच एकदा दारात उभा राहून पाहिलं. फेस लागू नये म्हणून तुम्ही डोळे मिटायचात, आणि मिटले की पडायचात. उघड्या डोळ्यांनी एकदाही नाही.

तेव्हा मी तुम्हाला इथं घेऊन आलो. बी.एस्सी. पहिल्याच वर्षी सुटल्यावर तुम्हीच मला या क्लिनिकमध्ये चटया घालायला आणि रजिस्टर लिहायला लावून दिलं होतं. परतफेड करावी म्हटलं.

मॅडमनी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली. तोही नाही. तुम्ही म्हणालात, "मॅडम, ज़ोर से मारिए, हम फ़ैक्ट्री के आदमी हैं."

मग मॅडमनी समजावलं आणि मी ते तुम्हाला मराठीत सांगितलं. मांडीच्या स्नायूत बारीक नसा असतात. स्नायू ताणला की त्या कण्याला कळवतात, आणि कणा डोक्याला न विचारताच पायाला हुकूम सोडतो. डोक्याला बातमी मागाहून. पाय कुठं आहे, किती वाकला आहे, हेसुद्धा अशाच नसा वरपर्यंत कळवत राहतात. तुम्हाला ते लगेच पटलं.

"म्हणजे फोरमननं साहेबाला न विचारता पट्टा बंद केला. बरोबर करते तो. मग माझा फोरमन कुठं गेला रे?"

"फोरमन जागेवरच आहे, मोठेबाबा. खालून चिठ्ठ्याच येऊन नाही राहिल्या."

शुगरनं चिठ्ठ्या नेणाऱ्या नसाच खराब केल्या होत्या. ताकद तर शाबूत होती. मॅडमचं स्टूल तुम्ही एका लाथेत भिंतीपर्यंत पाठवून दाखवलंत! पण डोळे मिटले की पाय आपला की शेजाऱ्याचा, ते कळत नव्हतं. म्हणून तर तुम्ही पायांकडे पाहत, ते आपटत आपटत चालायचात. खालच्या मजल्यावरच्या भाभी विचारायच्या, "ऊपर रोज़ मसाला कुटता है क्या?"

मग ती अंगठ्याची परीक्षा. तुम्ही डोळे मिटायचे, मॅडम पायाचा अंगठा वर नाहीतर खाली करणार, तुम्ही ओळखायचं. दहापैकी चार आले. तुम्ही खूश. "चाळीस टक्के. पास!"

मॅडम म्हणाल्या, "अंकल, पाँच तो अंदाज़े से भी आ जाते हैं."

तिथवर तुम्ही हसत होतात. घरी मोठ्या आईनं फर्मान काढलं तेव्हा हसू गेलं. ज्याला स्वतःचा अंगठा कळत नाही, त्यानं यंदा मंडळाच्या गणपतीत पेटलेल्या आरतीचं ताट धरायचं नाही. मॅडमनी कागदावर लिहून दिलं तरच. तीस वर्षं ते ताट तुमच्या हातात होतं. दोन दिवस तुम्ही कोणाशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी स्कूटर काढत होतो, तर मागून आलात.

"मुकुंदा, परीक्षेच्या वेळी तू तिथंच उभा राहतो ना?"

"हो."

"एक खोकला म्हणजे वर. दोन म्हणजे खाली. खोकल्याला दोन रुपये."

"मोठेबाबा, हे चूक आहे."

"काहून? तुझ्या बी.एस्सी.त कोणी खोकललं असतं, तर सुटली असती का ती?"

मी स्कूटरला किक मारली.

तीन आठवड्यांनी तुम्हाला दहापैकी दहा मिळाले. सहा वेळा वर, चार वेळा खाली. मी एकूण चौदा वेळा खोकलो. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी कार्डावर लाल पेननं 'बहुत अच्छा सुधार' लिहिलं. आणि माझ्या छातीची काळजी वाटून औषधाची बाटली आणली. रोज त्यांच्यासमोर दोन चमचे. पूर्ण बाटली संपेपर्यंत!

ताट तुम्ही सुंदर धरलंत, हे मान्य. डोळे उघडे होते ना. पण ताट खाली ठेवल्यावर सगळे हात जोडून, डोळे मिटून, जागच्या जागी स्वतःभोवती फिरतात, हे आपल्या दोघांच्याही लक्षात कसं आलं नाही? इतक्या वर्षांची सवय, तुम्हीही मिटले. पाव फेरी झाली. मग तुम्ही खजिनदार काकांवर, आणि खजिनदार काका मोदकांच्या परातीत. बाप्पा थोडक्यात वाचले. आणि जमिनीवरून तुमचा आवाज आला:

"मुकुंदा, तू खोकलला काहून नाही रे?"

लोकांना वाटलं, डोक्याला मार लागला. मोठ्या आईला तसं वाटलं नाही. ती माझ्याकडे अशी पाहत होती की मला खरंच खोकला आला.

कोपर तेवढं खरचटलं होतं. जानेवारीत तुम्ही झोपेतच गेलात, हार्ट अटॅकनं, पलंगावर, सुखरूप आडवे असताना. त्या पडण्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं. तरी कार्ड राहिलंच होतं, मोठेबाबा. मॅडम ते प्रत्येक नव्या पेशंटला दाखवायच्या, आणि मी प्रत्येक वेळी नजर चुकवायला चटई घडी करायचो. चटया कमी पडायला लागल्या.

आज तिवारीजी आले होते. रिटायर्ड मास्तर, तुमचाच आजार, वॉकर घेऊन चालतात. मॅडमनी तुमचं कार्ड पुढे ठेवलं. "देखिए, तीन हफ़्ते में दस में से दस. महीने भर में आपका भी वॉकर छूट जाएगा."

तिवारीजींचा चेहरा असा उजळला! म्हणाले, "बस, फिर ग्वारीघाट जाऊँगा. अकेले. नर्मदाजी में डुबकी लगाऊँगा."

डुबकी म्हणजे डोळे मिटणं आलं. ओल्या पायरीवर, एकट्यानं. आणि तिथं खाली मोदकांची परात नाही.

मी चटई तशीच टाकली आणि बोललो. सगळं. उभ्या उभ्या. डोळे मिटून बोललो तरी पडलो नाही, म्हणजे माझ्या चिठ्ठ्या नीट पोचत होत्या.

मॅडमनी कार्ड उचलून पाहिलं. मग म्हणाल्या, "कितनी बार खाँसे?"

"चौदह."

"और मैंने तुम्हें दवा पिलाई."

"जी. पूरी शीशी."

नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो होतो. त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "काटो. अपने हाथ से लिखो, दस में चार." पेन त्यांनी दिलं नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल पेन घेऊन आलो आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं. सोमवारपासून अंगठ्याची परीक्षा चालू असताना मी दाराबाहेर उभं राहायचं, एवढीच शिक्षा.

तिवारीजींनी आता वॉकर सोडायचा नाही. घाटावर मुलाला घेऊन जायचं, पायरीवर बसून, लोट्यानं अंघोळ, डोळे उघडे. आधी ते चिडले. "कैसे आदमी थे तुम्हारे ताऊजी!" मग दारापाशी जाऊन वळले आणि हळूच म्हणाले, "भैया, एक बार मेरे लिए भी खाँस देते."

एक गोष्ट मात्र मला तुम्हालाच विचारायची होती. सातव्या वेळी मी खोकायच्या आधीच तुम्ही "खाली" म्हणालात. मी आपला सवयीनं नंतर दोनदा खोकलो. पण खालीच होता अंगठा! तो अंदाज होता? की एखादी चिठ्ठी कुठून तरी पोचली होती? स्कूटरवर घरी जाताना विचारायला हवं होतं. तुम्ही मागे बसून इतके जोरात गात होतात, की राहून गेलं.

आज संध्याकाळी मंडळाच्या गणपतीत ताट माझ्याकडे आहे. मोठ्या आईनं ठरवलं. खजिनदार काकांनी कळवलं आहे की ते पलीकडच्या बाजूला उभे राहतील. तुम्हाला शब्द देतो: ताट नीट खाली ठेवीन, डोळे मिटीन आणि पायांवर विश्वास ठेवून फिरेन. पाव फेरी तुमची झालेली आहे. उरलेली पाऊण मी पूर्ण करीन.

तुमचा,
मुकुंद

ता. क. हिशोब.
खर्च: लाल पेन, दहा रुपये.
देणं: मॅडमना, खोकल्याच्या औषधाचे पंच्याऐंशी रुपये.
येणं: तुमच्याकडून, चौदा खोकले, अठ्ठावीस रुपये. त्यातून सातव्या वेळचे दोन खोकले, म्हणजे चार रुपये, वजा. तो अंगठा तुम्ही स्वतः ओळखलात. बाकी चोवीस.