दिसतंय आणि वाटतंय

लाजिश बंदर, पिको बेट
३ जुलै १९९८

ती. आजोबांस, बेनिल्दचा शि. सा. न. वि. वि.

हे रेडिओवर बोलण्यासारखं नाही. आपलं बोलणं सातही बोटी ऐकतात. म्हणून मक्याच्या भाकरीखाली पत्र ठेवते आहे. आधी जेवा, मग वाचा.

परवा तुम्ही टेकडीवरून कळवलंत की चार मैलांवर फवारा दिसतोय, डावीकडे झुकलेला, म्हणजे दातवाला देवमासा. आम्ही देवमासे बघायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन पोचलो, तर पाण्यावर पांढऱ्या पोटाच्या कागारू पक्ष्यांचा थवा. काल तेच, आज तेच. बोट चालवणाऱ्या काकाने विचारलं तेव्हा, मासा बुडाला असेल, असं मी तिन्ही वेळा सांगितलं. बोटीवर माझं हे पहिलंच वर्ष, आणि तीन वेळा खोटं बोलून झालं. तुम्हीच शिकवलंत की दिसलं तरच 'दिसतंय' म्हणावं, आणि टेकडीवरच्या माणसाने 'वाटतंय' कधी म्हणू नये.

आजोबा, डोळे बरे आहेत ना? लहान तोंडी मोठा घास घेते आहे. राग आला तरी लोभ कमी करू नका.

आपली,
बेनिल्द

टेकडी, ४ जुलै

चि. बेनिल्दला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भाकरीबरोबरच्या चीजला चिकटून पोटातच जायचं, थोडक्यात वाचलं.

पोरी, ईस्टरपासून उजव्या डोळ्यात धुकं उतरलंय. लांबवर पांढरं काही हललं की मन म्हणतं फवारा, आणि तोंड 'दिसतंय' म्हणून मोकळं होतं. आधी शिकारीच्या होड्यांना, मग पाहुण्यांच्या बोटींना, चाळीस वर्षं इथूनच वाट दाखवली. ही टेहळणीची खोपी सुटली तर सकाळी उठून मी कुठे बघायचं?

एर्मिनियुकाकाला सांग. बापाला घाबरतो म्हणून तो विचारणार नाही, आणि पोराला घाबरतो म्हणून मी सांगणार नाही. घरात धीट तू एकटीच, आणि तूही पानभर थरथरतेस.

भाकरी कडक होती. माया मऊ राहू दे.

तुझा आजोबा,
देओदातु

बंदर, ७ जुलै

ती. आजोबांस, शि. सा. न. वि. वि.

काकाला सांगितलं. तो बोटीचा तळ खरवडत होता. मान वर न करता म्हणाला, की त्याला ईस्टरपासूनच ठाऊक आहे, पण देओदातुला म्हातारा म्हणणारा माणूस या बेटावर अजून जन्मायचाय. मग माझ्याकडे बघून म्हणाला, की जन्मलाय वाटतं, आणि नेमका त्याच्याच बोटीवर. टेकडीवर दुसरा माणूस बघावा लागेल असंही म्हणाला.

शुक्रवारच्या पाहुण्यांची मी माफी मागितली होती. त्यांतली बेल्जियमची एक मास्तरीण काल पुन्हा आली. म्हणाली, माफी कसली? त्या थव्यात तिला पाकोळीएवढा काळा पक्षी पाण्यावर पावलं टाकत जाताना दिसला; त्याच्यासाठी ती सहा वर्षं समुद्र हिंडते आहे. तिच्या ओळखीच्या आठजणांना नुसते पक्षीच बघायचेत. टेकडीवर जो कोण आहे त्याने थवेच सांगावेत, असा तिचा निरोप.

तुम्ही टेकडीवरच राहून थवे सांगावेत याला काका राजी आहे, पण एका अटीवर. धूसर दिसेल त्याला तुम्ही 'वाटतंय' म्हणायचं, तेही रेडिओवर, सातही बोटी ऐकत असताना. तुम्हाला हे जमेल का? जमलं नाही तरी माझ्यावरचा लोभ सोडू नका.

आपली,
बेनिल्द

बंदर, १० जुलै

ती. आजोबांस, शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी रेडिओ खरखरला आणि तुम्ही म्हणालात, दक्षिणेला पांढरं दिसतंय, पक्षी वाटताहेत. मग म्हातारा तिबुर्सियु त्याच्या बोटीवरून ओरडला, की त्यालाही सत्तरीपासून सगळं वाटतंच, दिसत काही नाही, बायकोसुद्धा. सगळे हसले. काका खोकल्याचं निमित्त करून पाठमोरा झाला.

थवाच होता. मी रेडिओ घेतला आणि तुम्हाला एकेक पक्षी सांगत गेले: कोण बसलाय, कोण भांडतोय, कुणाच्या चोचीतून शेपूट लोंबतंय. चांगली दहा मिनिटं. सातही बोटी ऐकत होत्या. मी लहान असताना त्याच खोपीत मांडीवर घेऊन तुम्ही मला असंच सांगायचात.

मंगळवारी पलीकडच्या बेटावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव घातलंय. नाही म्हणू नका, मी बरोबर येते आहे.

तुमचा लोभ दिसतोच आहे. धुकं निघेल असं वाटतंय. दिसलं की सांगा.

आपली,
बेनिल्द